तिघांत एकाला जबड्याचा आजार, मग आमच्या स्टाफरूममध्ये कुणालाच कसा नाही?

प्रश्न : मी ३८ वर्षांची आहे, कराडजवळच्या एका शाळेत गणित शिकवते. तीन-चार वर्षांपासून आ केला की उजव्या कानापुढे ‘कट्’ असा आवाज येतो. त्याकडे मी कधी लक्ष दिलं नाही. पण दिवाळीनंतर तिथे दुखायला लागलं. सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो आणि भाकरी चावताना कळ कानशिलापर्यंत जाते. कानाच्या डॉक्टरांनी कान ठीक असल्याचं सांगितलं. मग एका दातांच्या दवाखान्यात गेले. तिथे म्हणाले, तुमचा ‘बाइट’, म्हणजे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, बिघडलाय, चार दात मशीनने घासून कमी करावे लागतील आणि मागच्या सगळ्या दाढांना कॅप बसवू, नाहीतर सांधा झिजून जाईल. खर्च माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढा. घरी येऊन इंटरनेटवर पाहिलं, तर एके ठिकाणी तिघांत एकाला हा आजार असतो असं लिहिलेलं, दुसरीकडे शंभरात पाचजणांना. आमच्या स्टाफरूममध्ये आम्ही तीसजण आहोत, पण जबडा दुखतो असं मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. हा आजार खरंच इतका असतो का? माझं तोंड एक दिवस उघडायचंच बंद होईल का? आई म्हणते, तू झोपेत दात खातेस, जंताचं औषध घे. आमच्या धाकट्या दिरांचंही हल्ली तोंड पूर्ण उघडत नाही (टपरीवरचा सुपारीचा मावा खायची सवय आहे, बाकी तब्येत ठणठणीत). म्हणजे घरात साथ आलीय की काय, असं वाटायला लागलंय.

नमस्कार बाई,

आधी तुमच्या भीतीचं उत्तर देते, मग आकड्यांकडे वळते. काही वर्षं नुसता आवाज आणि आता काही महिन्यांचं दुखणं, या टप्प्यावरच्या बहुतेकांचं तोंड कधीच बंद पडत नाही. आणि दात घासून घ्यायला अजून होकार दिला नसेल तर देऊ नका. थांबल्यामुळे तुमचं नुकसान होणार नाही. घासलेला दात मात्र परत येत नाही.

आता आकडे. तुम्ही गणिताच्या शिक्षिका आहात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ‘तिघांत एक’ आणि ‘शंभरात पाच’ हे दोन्ही आकडे खरे आहेत. मोजणाऱ्यांनी मोजलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत, एवढंच. आमच्याकडे ‘टीएमजेचा’, म्हणजे कानापुढच्या जबड्याच्या सांध्याचा, ‘प्रॉब्लेम’ म्हटलं की त्यात सगळे येतात. ज्याचा जबडा नुसता वाजतो तो येतो, ज्याचा गालाचा स्नायू दुखतो तो येतो, आणि ज्याला दोन घास चावणंही नको झालंय तोही येतो. एवढ्या वेगळ्या माणसांची एकच बेरीज केली की ऐकणारा घाबरणारच.

मोठा आकडा कुठून आला ते पाहा. २०२१ साली वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा एक एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्यक्ष तपासणीचे निकष लावून पाहिलेल्या प्रौढांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना जबड्याच्या सांध्याचा काही ना काही विकार निघाला. मुलं आणि किशोरवयीन यांच्यात तेच प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास होतं. हाच तुमचा ‘तिघांत एक’. पण त्या ३१ टक्क्यांत सर्वांत मोठा वाटा कशाचा होता? सांध्यातली चकती जागेवरून सरकते आणि आ केल्यावर परत जागेवर येते, या प्रकाराचा. प्रौढांत तो सुमारे २६ टक्के होता. म्हणजे तुमचा तो ‘कट्’.

कानाच्या पाळीपुढे बोट ठेवून तोंड उघडमीट करा. बोटाखाली एक गोटी पुढे-मागे सरकताना जाणवेल. ते खालच्या जबड्याच्या हाडाचं टोक. ते आणि कवटीचं हाड यांच्यामध्ये एक चिवट चकती असते. पूर्ण आ करताना हे टोक नुसतं फिरत नाही, पुढेही घसरतं, आणि चकतीने त्याच्यासोबत घसरायचं असतं. काहींची चकती थोडी पुढे सरकून बसलेली असते. तोंड उघडताना हाड तिच्या जाड कडेवरून उडी मारून तिच्याखाली शिरतं, तेव्हा कट् वाजतं. मिटताना ती पुन्हा निसटते, तेव्हा कधी कधी दुसरा, हळू आवाज येतो. एवढीच ती घडामोड आहे. कसलीही तक्रार नसलेल्या माणसांचे एमआरआय काढून पाहिले, तर त्यांच्यातही साधारण तिघांतल्या एकाची चकती सरकलेली सापडते. ती माणसं भाकरी खातात, ऊस सोलून खातात, जांभया देतात आणि त्यांना काहीही होत नाही. दुखत नसेल, अडकत नसेल, तर नुसत्या आवाजावर उपचार करू नयेत, याबद्दल या विषयातल्या जाणकारांमध्ये आता फारसं दुमत नाही.

आपल्याकडच्या अभ्यासांबद्दलही सांगायला हवं, कारण असे मोठमोठे आकडे छापून येतात आणि व्हॉट्सअपवर फिरतात. भारतातले बरेच अभ्यास कॉलेजच्या, त्यातही दंतवैद्यकीच्या विद्यार्थ्यांवर झालेत, कारण ते हाताशी असतात. आणि त्यांत ब्राझीलमध्ये तयार झालेली फोन्सेका नावाची प्रश्नावली फार वापरली जाते. प्रश्न दहा. ‘हो’ला दहा गुण, ‘कधी कधी’ला पाच, ‘नाही’ला शून्य. वीस ते चाळीस गुण मिळाले की तुम्ही ‘सौम्य विकार’ गटात. आता त्यातले तीन प्रश्न वाचा : वारंवार डोकं दुखतं का? मान दुखते किंवा आखडते का? स्वतःला तणावाखालची व्यक्ती समजता का? मार्चमध्ये तुमच्या स्टाफरूममध्ये हे तीन प्रश्न विचारलेत तर निम्म्या लोकांना तीस गुण मिळतील आणि त्यांच्या जबड्याला बोटही लावावं लागणार नाही. ही प्रश्नावली कुणाला पुढे तपासायला पाठवायचं ते ठरवायला चांगली आहे. तिच्यावरून ‘इतके टक्के आजारी’ असं जाहीर करणं मला अजिबात पटत नाही. त्याने वीस-बावीस वर्षांची धडधाकट मुलं उगाच स्वतःला रुग्ण समजू लागतात.

खरं निदान असं होत नाही. त्यासाठी १९९२ साली पहिले आंतरराष्ट्रीय निकष आले आणि २०१४ साली ते सुधारले गेले. त्यांतली एक अट मला फार शहाणपणाची वाटते. डॉक्टर गालाचा आणि कानशिलाचा स्नायू बोटाने दाबतात, साधारण एक किलोचा भार येईल इतपत. दाबल्यावर दुखलं एवढं पुरेसं नाही, कारण इतकं दाबलं की काही ना काही दुखतंच. रुग्णाने म्हणायला हवं, ‘हो, हीच ती माझी कळ.’ शिवाय हे दुखणं गेल्या ३० दिवसांतलं हवं आणि चावल्याने, बोलल्याने, तोंड उघडल्याने कमी-जास्त होणारं हवं. तुमच्या पत्रात भाकरी चावताना कळ कानशिलापर्यंत जाते असं लिहिलंय, म्हणून मला बरीचशी खात्री आहे की हे दुखणं जबड्याचंच आहे. पण बोट लावून पाहिल्याशिवाय कुणीही, मीसुद्धा, छातीठोकपणे सांगू नये.

ही वेदनेची अट लावली की आकडा झपाट्याने खाली येतो. अमेरिकेतल्या २०१७-१८ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत जबड्याच्या भागातलं दुखणं सांगणारे प्रौढ सुमारे ४.८ टक्के होते. टक्केवारी लहान वाटते, पण ती माणसं सव्वा कोटीच्या घरात जातात. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०२० साली या विषयावर एक भला मोठा अहवाल काढला, त्यात हा आकडा आहे. आणि २०२३ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात उपचारांबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांत जबड्याचं चिवट, जुनाट दुखणं जगातल्या ६ ते ९ टक्के प्रौढांना असतं असं धरलंय. कंबरदुखीच्या खालोखाल स्नायू-सांध्यांचं हेच जुनाट दुखणं सर्वांत जास्त आढळतं, असंही तिथे म्हटलं आहे.

तर मांडा गणित. तीसजणांच्या स्टाफरूममध्ये सातआठजणांचा जबडा वाजत असेल आणि दोन-तीनजणांचा दुखत असेल. मग ते बोलत का नाहीत? कारण त्यांना स्वतःलाच माहीत नसतं. कान दुखतो म्हणून ते कानाच्या डॉक्टरकडे जातात, तुम्हीही आधी तिथेच गेलात. कानशील ठणकतं म्हणून अर्धशिशीच्या गोळ्या घेतात. दाढ दुखते म्हणून एक्स-रे काढतात आणि दाढ चांगली निघते. मधल्या सुट्टीत डबा संपायच्या आत एका बाजूने चावणं सोडून दुसऱ्या बाजूने चावणारी एखादी सहकारी शोधून पाहा, बहुधा सापडेल. आमच्या ओपीडीत येणाऱ्यांपैकी कितीतरीजणी आधी दोन-तीन डॉक्टर फिरून आलेल्या असायच्या आणि ‘मलाच कसं झालं’ असं विचारायच्या. तुम्हाला झालेलं काही जगावेगळं नाही, बाई. या दुखण्याबद्दल कुणी मोठ्याने बोलत नाही, एवढंच.

बायकांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. दुखणाऱ्यांमध्ये बायकांचं प्रमाण पुरुषांच्या साधारण दुप्पट असतं आणि दवाखान्यात तर त्याहूनही जास्त दिसतं. वय बहुतेक विशीच्या पुढचं ते चाळिशीच्या आसपासचं. २००६ पासून अमेरिकेत ‘ऑपेरा’ नावाचा एक मोठा अभ्यास झाला. त्यात १८ ते ४४ वयाची, जबडा न दुखणारी माणसं निवडून काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. वर्षाला सुमारे ४ टक्के लोकांना हे दुखणं नव्याने सुरू झालं, आणि या नव्या दुखण्यात बायका आणि पुरुष यांच्यातला फरक थोडाच होता. फरक वाढतो तो पुढे, दुखणं टिकून राहण्यात. माझ्या मते याचा संबंध शरीराशी आहे तसा विश्रांतीशीही आहे. दिवसभर वर्गात बोलायचं, घरी येऊन स्वयंपाक, रात्री अकराला पेपरांचा गठ्ठा. दुखरा स्नायू सुटा व्हायला वेळच कुठे मिळतो?

ज्यांचं दुखणं नव्याने सुरू झालं, त्यांना याच अभ्यासात काही महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा साधारण निम्म्यांचं दुखणं निकषांत बसण्याइतकं राहिलेलं नव्हतं. उरलेल्या निम्म्यांचं राहिलं होतं. म्हणून ‘आपोआप जाईल’ असं म्हणून मी तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही. पण ‘उद्याच काहीतरी करा’ ही घाईही चुकीची आहे.

आता त्या दात घासण्याबद्दल. १९३४ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसमधले कानाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी असे रुग्ण पाहून लिहिलं की मागच्या दाढा पडल्या की जबडा मागे दाबला जातो, कानाजवळच्या नसा चेपल्या जातात आणि त्यामुळे कान, डोकं, जबडा दुखतो. कितीतरी वर्षं या आजाराला त्यांचंच नाव होतं. त्यांनी दुखण्याकडे लक्ष वेधलं हे मोठं काम झालं. पण शरीररचनेचा त्यांचा खुलासा पुढे टिकला नाही. ‘दात नीट बसत नाहीत म्हणून सांधा दुखतो’ ही समजूत मात्र दंतवैद्यकीत मुरून राहिली आणि अजून पुरती गेलेली नाही. दात एकमेकांवर कसे बसतात, यावरून दुखण्याचा अंदाज जेमतेम लागतो असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. ऑपेरात नवं दुखणं कुणाला होणार याचा जास्त अंदाज लागत होता तो झोप बिघडण्यावरून, शरीरात इतरत्र असलेल्या दुखण्यांवरून, एकंदर तब्येतीवरून, ताणावरून आणि दात आवळण्यासारख्या सवयींवरून.

२०२३ च्या त्या मार्गदर्शक तत्त्वांनी तर स्प्लिंटच्या (दातांवर बसवायच्या पट्टीच्या) परत न फिरवता येणाऱ्या उपचारांना आणि सांध्यातली चकती काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेला ठाम नकार दिलाय. या क्षेत्राने घाईची मोठी किंमत मोजलेली आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत चकती काढून तिच्या जागी टेफ्लॉनचा लेप असलेलं रोपण बसवायची लाट आली होती. चावण्याच्या दाबाखाली त्याचा भुगा झाला आणि त्या भुग्याने आजूबाजूचं हाड खाल्लं. १९९० नंतर ती रोपणं बाजारातून मागे घ्यावी लागली, पण ज्यांच्या जबड्यात ती बसली होती त्यांच्या पुढच्या शस्त्रक्रिया संपल्या नाहीत. त्यांतल्या कित्येकजणींची मूळ तक्रार तुमच्यासारखीच होती. हे घाबरवायला लिहीत नाही. दाढांना कॅप म्हणजे शस्त्रक्रिया नव्हे, हेही मला कळतं. पण दाढ किडली असेल, तुटली असेल तर कॅप घाला. चांगल्या दाढा जबड्याच्या दुखण्यासाठी घासू नका.

नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर बसवायची काढता-घालता येणारी पट्टी, हा मधला मार्ग. झोपेत दात खाऊन दातांची झीज होत असेल तर ती दातांना वाचवते. तिने दुखणं जाईलच, असा भरवसा देता येत नाही आणि २०२३ च्या तत्त्वांनीही सरसकट ती देऊ नका असंच सुचवलंय. तुमच्या दातांचे कंगोरे घासून सपाट झालेत का, हे तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारा आणि त्यावरून ठरवा.

आईंना सांगा, झोपेत दात खाण्याचा जंताशी काही संबंध नाही. प्रौढांपैकी सुमारे १३ टक्के लोक नेहमी झोपेत दात खातात. झोप मधूनमधून चाळवते, तेव्हा मेंदूकडून चावण्याच्या स्नायूंना हुकूम सुटतात, असं त्याचं स्वरूप. रात्री उशिराचा चहा-कॉफी, दारू, सिगरेट, काही मानसिक आजारांवरच्या गोळ्या आणि ताण यांनी ते वाढतं. पण मला जास्त शंका आहे ती तुमच्या दिवसाबद्दल. जागेपणी दात आवळून धरणारे याहून कितीतरी जास्त, अभ्यासांत २२ ते ३१ टक्के. आणि त्यांतल्या बहुतेकांना आपण आवळतोय याचा पत्ता नसतो.

आजच हे पाहा. पेपर तपासायला बसा आणि पायऱ्या चुकलेलं एखादं उदाहरण समोर आलं की हात थांबवून बघा, तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेत का? टेकलेले असतील तर ते टेकायला नको होते. जेवताना आणि गिळताना सोडलं, तर दिवसभर दात एकमेकांपासून सुटे असायला हवेत. ओठ मिटलेले, दात सुटे, आणि जीभ ‘न’ म्हणताना टाळूला जिथे लागते तिथे अलगद. लाल पेनावर एक छोटा रंगीत स्टिकर लावा. तो दिसला की दात सोडा, खांदे सोडा. फळ्यापाशी, बसमध्ये, फोनवर बोलताना, पोळ्या लाटताना असंच करा. हे ऐकायला फार किरकोळ वाटतं, पण मी सांगितलेल्या कुठल्याही गोळीपेक्षा याने जास्त जणींना आराम पडलेला मी पाहिलाय, म्हणून आग्रहाने सांगते.

त्याच्या जोडीला काही आठवडे जबड्याला हलकं काम द्या. मऊ भाकरी आमटीत कुस्करून खा, पोळीचे लहान घास घ्या, दोन्ही बाजूंनी चावा. चिक्की, कडक चकली, सुपारी, च्युइंगगम, मक्याचं कणीस आणि अख्खा पेरू सध्या नको. नुसत्या पेजेवर मात्र राहू नका, स्नायूला थोडं काम लागतं. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा, म्हणजे तोंड वासलं जाणार नाही. संध्याकाळी गरम पाण्यात पिळलेला पंचा दुखऱ्या गालावर दहा-पंधरा मिनिटं ठेवा. शेकून झालं की जिभेचं टोक टाळूला लावून, ते न सोडता, जमेल तितकं हळू तोंड उघडा आणि मिटा, सहा वेळा. आरशात पाहून करा, हनुवटी एका बाजूला वळू देऊ नका. दिवसातून पाच-सहादा पुरे. सहज चाळा म्हणून जबडा वाजवून पाहायची सवय असेल तर ती सोडा. वेदनाशामक गोळी थोड्या दिवसांसाठी घ्यायला हरकत नाही, पण पित्ताचा, किडनीचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. फिजिओथेरपिस्ट जबड्याचे व्यायाम करून घेणारे असतील तर जरूर जा. २०२३ च्या तत्त्वांनी ज्या उपायांना सर्वांत जोरात पाठिंबा दिलाय त्यांत देखरेखीखाली केलेले जबड्याचे आणि मानेचे व्यायाम, स्नायूंचं हाताने मर्दन, आणि ताणाकडे-वेदनेकडे पाहण्याची पद्धत बदलायला मदत करणारं समुपदेशन हे आहेत. तीनही गोष्टींत दाताला हात लावावा लागत नाही.

एमआरआय? आत्ता नाही. एखादा साधा ओपीजी (सगळ्या जबड्याचा एकत्र) एक्स-रे दाढा आणि हाड पाहायला काढतील, तो काढू द्या. तक्रार नसलेल्यांचीही चकती सरकलेली दिसते हे वर लिहिलंच आहे, त्यामुळे एमआरआयमध्ये काहीतरी ‘दिसेल’ आणि तुम्ही आणखी घाबराल. तोंड अडकलं किंवा नीट उपचार करूनही काही महिने फरक पडला नाही, तर त्याचा विचार करतात.

तोंड अडकण्याचं म्हणाल, तर त्याची खूण लक्षात ठेवा : नेहमीचा कट् एकाएकी बंद होतो आणि त्याच दिवसापासून तोंड अर्धवटच उघडतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का पाहा. निरोगी प्रौढ माणसाचं तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडतं, म्हणजे तीन बोटं सहसा जातात. दोनच जायला लागली, तर वाट पाहू नका, त्याच आठवड्यात दाखवा. लवकर दाखवलं तर बऱ्याचदा हाताने आणि व्यायामाने सुटतं.

आणि जबड्याचं प्रत्येक दुखणं सांध्याचं नसतं, हे घरातल्या मोठ्यांसाठी सांगून ठेवते. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबल्यावर राहतो, सोबत घाम किंवा छातीत दडपण असतं, तर ते हृदयाचं असू शकतं. तसं झालं तर थेट दवाखाना गाठायचा. पन्नाशीनंतर कानशील नव्याने दुखायला लागलं, चावताना जबडा दमून जातो आणि नजर अंधुक होते, तर रक्तवाहिनीच्या सुजेमुळे दृष्टी जाण्याचा धोका असतो, तिथेही त्याच दिवशी डॉक्टर. तोंड उघडत नाही, त्यात ताप आणि गालाला सूज, तर अक्कलदाढेचा पू असेल.

तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी मला वाटली ती कंसातल्या त्या वाक्याची. दिरांचं तोंड पूर्ण उघडत नाही आणि ते मावा खातात. ही साथ नाही, आणि तुमच्या आजाराशी त्याचा काही संबंधही नाही. तुमचा त्रास सांध्याचा आणि स्नायूंचा दिसतो. त्यांचा बहुधा गालाच्या आतल्या अस्तराचा असेल. मावा, खर्रा, गुटखा या सगळ्यांत सुपारी असते. सुपारीने गालाच्या आतलं मऊ अस्तर हळूहळू ताठर होतं, त्यात दोरीसारखे पट्टे तयार होतात आणि तोंड मिलिमीटर-मिलिमीटरने मिटत जातं. सहसा दुखत नाही, म्हणून माणूस स्वतःला ठणठणीत समजतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण मावा टपरीवर घोटून मिळतो हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्यांना एवढंच विचारा : तिखट खाल्लं की तोंडात आग होते का? आरशात गालाच्या आतली बाजू पांढुरकी दिसते का? शिट्टी वाजवताना किंवा गाल फुगवताना आवळल्यासारखं होतं का? यातलं एक जरी ‘हो’ आलं, तरी उशीर नको. हा आजार कर्करोगात बदलू शकतो. आणि आवळलेलं तोंड पूर्ण पहिल्यासारखं होणं कठीण असतं, पण मावा सुटला तर वाढ थांबवता येते. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवण्याचा सरकारी मोफत क्रमांक आहे. त्यांच्याशी भांडून काही होणार नाही. शेजारी बसून फोन लावून द्या.

दोघांनीही ‘ओरल मेडिसीन’ (तोंडाच्या आजारांचं निदान आणि औषधोपचार करणारा) विभाग असलेल्या ठिकाणी जा. कराड-सातारा-सांगली भागातल्या कुठल्याही दंत महाविद्यालयात तो असतो, आणि मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत माफक खर्चात तपासणी होते. जाताना दुखणं कधी वाढतं, कधी कमी होतं हे एका कागदावर लिहून न्या, आणि त्या दवाखान्याने दिलेला खर्चाचा कागदही दाखवा. तुमच्यासाठी सहा आठवडे वर लिहिलेलं करून मग गेलात तरी चालेल. दिरांना मात्र या शनिवारीच घेऊन जा, आणि केसपेपर काढताना त्यांचा आधी काढा.